देहूरोडला कधी उतरलात?

२५ डिसेंबरला तुमचा प्लॅन काय असतो? पुणे-पिंपरीतल्या बहुतेक ग्रुप्सचा एकच असतो. सकाळची लोणावळा लोकल पकडायची, नाहीतर चार बाइक काढायच्या, टायगर पॉइंटला धुक्यात उभं राहून भजी खायची, भरपूर फोटो काढायचे आणि येताना चिक्कीची पाकिटं. खंडाळ्याच्या घाटात तीन तास ट्रॅफिकमध्ये अडकलो तरी तो प्लॅनचाच भाग समजायचा.

त्याच दिवशी त्याच लोकलला आणखी एक गर्दी असते. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, कडेवर पोरं, पिशवीत डबे, कुणाच्या हातात पंचशील ध्वज. ही गर्दी लोणावळ्यापर्यंत येतच नाही. आकुर्डी गेलं की ती उठून दाराशी येते आणि पुढच्या स्टेशनला उतरून जाते. ते स्टेशन देहूरोड. तुम्हाला बसायला जागा मिळते, म्हणून तुम्ही मनात बरं म्हणता आणि इअरफोन परत कानात घालता.

ही माणसं तिथे का उतरतात, हे मावळातल्याच कॉलेजात शिकणाऱ्या पोरांना विचारून बघा. ‘तुकाराम महाराजांचं देहू ना?’ असं उत्तर बऱ्याचदा येतं. ते देहू वेगळं, इंद्रायणीच्या काठावरचं, स्टेशनपासून पाच-सहा किलोमीटर आत. देहूरोड म्हणजे त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं स्टेशन आणि त्या स्टेशनाभोवती वाढलेली वस्ती. पूर्वी जुन्या हायवेने जाताना निदान तिथला बाजार तरी दिसायचा. आता चौकावरून उड्डाणपूल गेलाय. एक्स्प्रेस-वे तर शेजारच्या किवळ्यापासूनच सुरू होतो, त्यामुळे वाहनवाल्यांसाठी ही जागा म्हणजे गाडीचा वेग वाढवायची जागा. मावळच्या वारशाबद्दल आपण इतकं बोलतो, लोहगडाचं नाव २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेलं तेव्हा आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण मावळच्याच दारात असलेली ही जागा आपल्या यादीत कधी येत नाही. मला हे खटकतं, आणि ते का खटकतं ते सांगायला हा लेख.

आधी तिथे झालं काय ते बघू. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लष्कराने या माळावर दारूगोळ्याचे आणि सामानाचे डेपो उभे केले. डेपो म्हटला की माणसं लागतात. हमाल, सुतार, लोहार, पॅकर, पहारेकरी, कारकून. गावोगावहून लोक आले. तेलुगू आणि तमीळ बोलणारे आले, केरळमधून आले, आजही तिथे अय्यप्पा स्वामींचं मंदिर आहे. आणि मोठ्या संख्येने आले ते महाराष्ट्राच्या खेड्यांमधले महार. गावात त्यांच्या वाट्याला होती वतनाची कामं: सांगावा न्यायचा, मेलेली ढोरं ओढायची, वेशीवर जागायचं, आणि मोबदल्यात दारोदार फिरून भाकरी मागायची. ही वतनं कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावं लागलं. डेपोत मात्र महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता. हजेरीच्या वहीत नाव लागत होतं. साहेब कडक असेल, पण दाराबाहेर उभं राहून ‘जोहार’ घालायला लावत नव्हता.

छावणी आणि हा समाज यांचं नातं तसं जुनं. बाबासाहेबांचा जन्मच मुळी महूच्या छावणीतला, वडील रामजी सुभेदार. लष्कराची नोकरी म्हणजे शाळा, वर्दी, वाचता येणं, पेन्शन. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची भरती बंद केली तेव्हा समाजाने अर्जविनंत्या केल्या, त्या काही लढाईच्या हौसेपोटी नव्हत्या. पुढे १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. त्याच दशकात देहूरोडसारखे डेपो माणसांनी भरले. म्हणजे या वस्तीकडे बघताना ‘गरीब मजुरांची वस्ती’ एवढंच डोक्यात ठेवू नका. गाव सोडायचं ठरवून आलेल्या माणसांनी ती वसवली आहे.

या माणसांनी एक मंदिर बांधायला घेतलं. कुणाचं? चोखोबाचं. अगदी साहजिक होतं. चोखामेळा आपला, आपल्यातला संत. आयुष्यभर विठ्ठलाच्या नावाने अभंग रचले आणि देवळात पाऊल टाकता आलं नाही. मंगळवेढ्याला वेठीचं काम करताना गावकुसाची भिंत कोसळून त्याखाली मेला, अशी कथा आहे. त्याची समाधीसुद्धा पंढरपुरात देवळाच्या बाहेर, नामदेव पायरीसमोर. पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं ते १९४७ मध्ये. देहूरोडचं मंदिर उभं राहत होतं ते त्यानंतर फार तर सात वर्षांनी. आपल्या माणसाला आपल्या वस्तीत आपलं देऊळ बांधावं, यात काय चुकीचं?

बाबासाहेबांनाही चोखोबा परका नव्हता. ‘द अनटचेबल्स’ हे १९४८ चं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांना अर्पण केलं आहे. ‘मूकनायक’ १९२० मध्ये सुरू केलं तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबाचा अभंग होता, म्हणजे इथून पाच-सहा किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाचे शब्द. पण १९५४ च्या डिसेंबरात बाबासाहेब रंगूनची जागतिक बौद्ध परिषद आटोपून आले होते. २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी देहूरोडच्या त्या मंदिरात ब्रह्मदेशातून आलेली बुद्धमूर्ती बसवली. चोखोबाच्या देवळाचं बुद्धविहार झालं.

नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. शाळेच्या पुस्तकात आपण वाचतो ती तारीख तीच. देहूरोड त्याच्या जवळजवळ बावीस महिने आधीचं. इथेच हजारो लोकांसमोर बाबासाहेबांनी सांगितलं की, बाराशे वर्षांनंतर या देशात बुद्धाची मूर्ती बसवण्याचा मान तुम्हा लोकांना मिळतो आहे. इथेच सांगितलं की, साध्या माणसाला कळेल असं बुद्धाच्या शिकवणीवरचं पुस्तक मी लिहितो आहे आणि ते झालं की मी धर्मांतर करीन. आणि इथेच हेही म्हणाले की, पंढरपूरची मूर्ती मुळात बुद्धाची आहे, त्यावर आपण लिहिणार आहोत. हे शेवटचं मत पटो न पटो, पण जरा कल्पना करा. तुकोबाच्या गावाच्या रस्त्यावर, वारकऱ्यांच्या वाटेवर, चोखोबासाठी बांधलेल्या देवळाच्या दारात उभं राहून, ज्यांच्या आजोबांना पंढरपुरात आत जाता येत नव्हतं अशा लोकांना एक माणूस हे सांगतोय.

वारसा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जपणं येतं. आजीचा बत्ता जप, वाड्याची चौकट जप, किल्ल्याचा बुरूज जप. देहूरोडचा वारसा मला वेगळा वाटतो तो इथेच. तिथल्या माणसांनी स्वतःची एक अतिशय प्रिय गोष्ट बाजूला ठेवली. देऊळ बांधून तयार, मनात चोखोबा, आणि नेत्याने सांगितलं की, आता बाहेर उभं राहून हाक मारणं थांबवा. हे कुणाला सोपं गेलं असेल? घरातल्या म्हाताऱ्यांना? वारीला जाणाऱ्यांना? कुणी कोनाड्यात विठोबा तसाच ठेवला असेल का? मोठ्या नेत्यांचं भाषण छापलेलं मिळतं. देव बदलताना घराघरांत काय बोलणं झालं, ते कुठेही छापलेलं नाही. ते फक्त वस्तीत आहे. १९५४ मध्ये जी पोरं दहा वर्षांची होती, ती आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

आता थोडं लांब जाऊ. तुमच्यापैकी अनेकांना हार्लेम हे नाव माहीत असेल, निदान वेब सीरिजमुळे तरी. न्यूयॉर्कमधली काळ्या लोकांची वस्ती. तिला लागूनच टेकाडावर कोलंबिया विद्यापीठ आहे, आणि १९१३ मध्ये बाबासाहेब तिथेच शिकायला गेले. अमेरिकेच्या दक्षिणेतून शेतं सोडून काळी माणसं हार्लेममध्ये येत होती तोच तो काळ. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. तुमचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करतायत म्हणे, त्याच्या प्रती मला पाठवाल का, अशी विचारणा त्यात आहे. ड्यू बॉइसांनी उत्तरही दिलं. ही नाती आपण कल्पनेने जोडलेली नाहीत, त्या माणसांनी स्वतःच्या हाताने पत्रं लिहून जोडली होती. (जात आणि वंश या गोष्टी एक नव्हेत, हे मान्यच. पण वेशीबाहेर ठेवलेल्या माणसाला दुसरा वेशीबाहेरचा माणूस लांबूनही ओळखू येतो.)

देहूरोडशी मला जास्त जवळचं वाटतं ते मात्र हार्लेमपेक्षा वेस्ट ओकलंड. कॅलिफोर्नियातलं रेल्वेचं आणि बंदराचं गाव. रेल्वेच्या झोपायच्या डब्यांमध्ये काम करणारे काळे पोर्टर तिथे राहायचे. दुसऱ्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कारखान्यांना माणसं हवी होती, म्हणून टेक्सास, लुइझियानामधून काळी कुटुंबं आली. महायुद्ध तेच, दशक तेच. इकडे डेपो, तिकडे गोदी. तिथल्या सेव्हन्थ स्ट्रीटवर ब्लूज आणि जॅझ वाजवणारे क्लब उभे राहिले, दुकानं आली, चर्च आली. मग शहराला विकास सुचला. पन्नाशीच्या दशकात वस्तीच्या मधोमध दुमजली सायप्रस फ्रीवे उभारला गेला. त्यानंतर सेव्हन्थ स्ट्रीटच्या डोक्यावरून मेट्रोचे रूळ गेले आणि अवाढव्य टपाल केंद्रासाठी घरांच्या रांगाच्या रांगा पाडल्या. १९८९ च्या भूकंपात तो फ्रीवे कोसळला, तेव्हा तो परत तिथेच बांधू नका म्हणून लोक उभे राहिले आणि रस्ता वळवला गेला. क्लब मात्र परत आले नाहीत.

याच ओकलंडमध्ये १९६६ मध्ये ब्लॅक पँथर पार्टी निघाली. आणि तिचं नाव वाचून १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या मित्रांनी दलित पँथर काढली. ढसाळांचं गाव पूर-कनेरसर, म्हणजे मावळच्या शेजारचा खेड तालुका. वाढले ते मुंबईत, गोलपिठ्याच्या परिसरात. पँथरच्या बातम्या गाजल्या त्या मोर्चांमुळे, पण ओकलंडच्या पँथरचं सगळ्यात टिकलेलं काम कोणतं, माहितीये? वस्तीतल्या शाळकरी पोरांना सकाळचा नाश्ता फुकट देणं. वस्ती म्हणजे काय, हे त्यांना नीट कळलं होतं.

हार्लेमकडे परत येतो, कारण तिथल्या एका माणसाबद्दल सांगायचंय. आर्तुरो शोम्बुर्ग. प्वेर्तो रिकोत जन्मलेला. लहानपणी त्याला कुणा शिक्षिकेने सांगितलं की, काळ्यांना इतिहास नाही, असं सांगतात. मोठा होऊन हा माणूस ना प्राध्यापक झाला, ना पुढारी. बँकेत टपाल विभागात नोकरी करायचा. आणि पगारातून काळ्या माणसांनी लिहिलेली जुनी पुस्तकं, पत्रकं, हस्तलिखितं, चित्रं जमा करायचा. १९२६ मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने त्याचा सगळा संग्रह दहा हजार डॉलरला घेतला आणि हार्लेममधल्याच १३५ व्या रस्त्यावरच्या शाखेत ठेवला. आज ते जगातलं या विषयाचं एक मोठं संशोधन केंद्र आहे. वस्तीचा संग्रह वस्तीतच राहिला, ही त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट.

आणखी एक उदाहरण देतो, तुमच्या आवडीचं. ब्राँक्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यू नावाची एक साधी भाड्याच्या घरांची बिल्डिंग आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला तिच्या तळाच्या हॉलमध्ये एका मुलीने शाळेसाठी कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून पार्टी ठेवली आणि तिच्या भावाने, म्हणजे डीजे कूल हर्कने, गाणी वाजवली. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. पुढे ती बिल्डिंग विकायला निघाली तेव्हा भाडेकरू आणि कलावंत एकत्र आले, आणि २००७ मध्ये राज्याने ती जागा ऐतिहासिक नोंदीला पात्र आहे असं मान्य केलं. ना घुमट, ना बुरूज. एक हॉल, दोन टर्नटेबल.

आपल्याकडे काय कमी आहे हो? रॅप बॅटल बघायला तुम्ही यूट्यूबवर रात्री जागवता. आपल्या वस्त्यांमध्ये गायन पार्ट्यांचे मुकाबले व्हायचे, समोरासमोर दोन स्टेज, एकाने टाकलेल्या सवालाला दुसऱ्याने तिथल्या तिथे रचून जबाब द्यायचा, पहाटेपर्यंत. त्याआधी तीसच्या दशकापासून आंबेडकरी जलसे होते. बिनटाकीच्या, बिनमाइकच्या दिवसांत बाबासाहेबांचं म्हणणं गावागावात पोचवलं ते या जलशांनी. वामनदादा कर्डकांसारखा कवी आयुष्यभर वस्त्या-वस्त्यांत गात फिरला. प्रल्हाद शिंदे तर एकाच गळ्यातून विठ्ठलही गायचे आणि भीमही. देहूरोडसारख्या वस्तीत जयंतीच्या रात्री कोण कोण येऊन गायलं, कुठल्या मैदानात, पेटीवर कोण होतं, कुणाच्या घरी जेवले, हे कुठे लिहिलंय? कुणाच्या तरी माळ्यावर कॅसेट पडल्या असतील. कॅसेटची फीत चिकटली की संपलं.

‘अहो, पण तिथे विहार आहे, धम्मभूमी म्हणून सगळे ओळखतात, दरवर्षी कार्यक्रम होतो, अजून काय हवं?’ असं कुणी म्हणेल. विहार आहेच, आणि ते ज्यांनी सांभाळलं त्यांचे उपकार आहेत. पण स्मारक आणि शेजार या दोन वेगळ्या गोष्टी. स्मारक आपण जयंतीला साफ करतो, हार घालतो. शेजाराचं स्मारक कुणी करत नाही. तळेगाव दाभाड्यातही बाबासाहेबांचं घर आहे, म्हणजे देहूरोडपासून तीन स्टेशनं पुढे. तेही अनेक तळेगावकरांनी आतून पाहिलेलं नसतं. पण निदान ती वास्तू नोंदीत तरी आहे. डेपोचा कामगार, त्याची चाळ, त्याच्या बायकोने चालवलेली भिशी, पोरांची पहिली वाचनालयं, हे कुठल्या नोंदीत बसवणार?

दुसरा आक्षेप घरातूनच येतो, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं. ‘कशाला जुनं उकरून काढतोस? आता सगळं बरं चाललंय.’ ज्यांनी सोसलं त्यांना गप्प राहण्याचा हक्क आहे, पूर्ण हक्क. आडनाव बदलून ऑफिसात नीट जगू बघणाऱ्या माणसाला कुणी भाषण देऊ नये. पण गप्प बसायचं की बोलायचं हे त्यांनी ठरवावं. आपण कुणी विचारलंच नाही म्हणून ते गप्प राहिले, असं व्हायला नको. माझा अंदाज असा की विचारणाऱ्याची वाट बघणारे म्हातारे खूप आहेत. फक्त विचारणारा मोबाइल आडवा धरून ‘गाइज’ म्हणणारा नसावा.

तिसरी गोष्ट नावांची. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समता नगर, भीम नगर, ज्योती नगर अशी नावं यावीत. निर्णय योग्यच होता, त्याला फार उशीर झाला होता. पत्ता सांगताना मान खाली घालायला लावणारी पाटी कुणालाही नको. पण पाटी बदलली की त्याखालचा प्रश्नही पुसला जातो, त्याचं काय? वीस वर्षांनी समता नगरात राहणारी पोरगी विचारेल, सगळं गाव तिकडे आणि आपण ओढ्यापलीकडे का? त्याचं उत्तर देणारं काहीतरी लिहिलेलं असायला हवं. शिवी पुसायची आणि हकिकत ठेवायची, अशी कसरत आहे ही. आपण बहुधा दोन्ही एकत्रच पुसतो, कारण ते सोपं.

देहूरोडच्या बाबतीत हे आता घाईचं झालंय. कॅन्टोन्मेंटच्या नागरी वस्त्या वेगळ्या काढून शेजारच्या महापालिकांमध्ये घालायची चर्चा देशभर सुरू आहे, देहूरोडही त्यात आहे. नागरिकांच्या दृष्टीने त्यात फायदे असतीलही, घर दुरुस्तीला परवानगी मिळणं कॅन्टोन्मेंटमध्ये काय असतं ते तिथल्यांनाच विचारा. पण कारभार बदलला की वॉर्ड बदलतात, रस्त्यांना नवी नावं मिळतात, जुनी दप्तरं कुठल्या तरी खोलीत जातात. जागेचे भाव वाढतात. पलीकडे रावेत, किवळे, गहुंजेत टॉवर उभे राहिलेच आहेत. त्या टॉवरच्या जाहिरातीत ‘एक्स्प्रेस-वेपासून दोन मिनिटं’ असतं, धम्मभूमीपासून किती मिनिटं ते नसतं.

मावळात हे नवीन नाही म्हणा. या खोऱ्याला थरावर थर चढवायची सवयच आहे. देहूरोडच्या पुढे घोरावडीजवळ डोंगरात घोरावडेश्वराची लेणी आहेत. मुळात बौद्ध भिक्खूंसाठी कोरलेली, आज तिथे महादेव आहे आणि शिवरात्रीला रांग लागते. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरा आई आहे, कोळी-आगरी आणि सीकेपींची कुलदेवता, आणि नवस फेडायला येणाऱ्या माणसाला मागच्या एवढ्या मोठ्या लेण्याशी काही देणंघेणं नसतं. भाजे, बेडसे, कार्ले या सगळ्यांतून बुद्ध हजारभर वर्षं निव्वळ दगडात बसून होता. त्याच खोऱ्याच्या तोंडाशी, रेल्वे स्टेशनजवळ, डेपोच्या कामगारांनी तो परत माणसांत आणला. यातला योगायोग कुणी ठरवून आणला की नाही, मला सांगता येणार नाही. पण कार्ल्याची सहल काढणाऱ्या एकाही शाळेने जाता-येता देहूरोडला बस थांबवलेली माझ्या ऐकण्यात नाही.

कार्ल्याला गेलात तर यावेळी खांबांवरची आणि दाराजवळची अक्षरं बघा. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. राजांची नावं फार नाहीत त्यात. धेनुकाकट गावाच्या लोकांनी एकेक खांब दिला आहे, काही यवनांनीही. एका दरवाजाचं दान सिंहदत्त नावाच्या अत्तराच्या व्यापाऱ्याचं आहे, आणि दाराचं काम करणाऱ्या सुताराचंही नाव कोरलेलं आहे: वेणुवासाचा मुलगा सामी. दोन हजार वर्षांनी आपण त्या सुताराला बापाच्या नावासकट ओळखतो. देहूरोडचं ते पहिलं देऊळ कुणी बांधलं, गवंडी कोण होते, वर्गणी कुणी किती दिली, डेपोतून सुटल्यावर संध्याकाळी विटा कोण वाहायचं, ही यादी सत्तर वर्षांपूर्वीची असूनही आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

तर माझं मागणं अगदी साधं आहे. मावळातल्या, पिंपरी-चिंचवडमधल्या इतिहासाच्या, मराठीच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, इंजिनिअरिंगवाल्यांनीसुद्धा, प्रोजेक्टसाठी पाचशे मैल लांबचे विषय शोधण्याऐवजी ही वस्ती घ्यावी. त्यात जे त्याच वस्तीत वाढलेत, त्यांनी पुढे असावं. बाकीच्यांनी वह्या धराव्यात. गोळा केलेलं पुण्याच्या कुठल्या बड्या संस्थेच्या कपाटात जाऊ नये, देहूरोडलाच एखाद्या वाचनालयात राहावं. त्यासाठी आधी पैसे लागत नाहीत. मोबाइलमध्ये रेकॉर्डर असतो. जुने फोटो, डेपोची ओळखपत्रं, लग्नपत्रिका, जयंतीची हँडबिलं यांचे त्यांच्याच घरी बसून फोटो काढता येतात, मूळ वस्तू कुणाकडून मागून आणायची नाही. आणि जे सांगू नका म्हणतील, ते लिहायचं नाही.

२५ डिसेंबरला जाऊ नका असं नाही, पण त्या दिवशी गर्दीत कुणालाच बोलायला फुरसत नसते. साधा रविवार बघा. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमाराला पोचा, पाणी भरून, नाश्ता उरकून माणसं जरा मोकळी झालेली असतात. चप्पल काढून आधी विहारात बसा दहा मिनिटं. मग बाहेर येऊन एखाद्या आजोबांना नाहीतर आजीला विचारा. भाषण कसं झालं ते विचारू नका, ते छापलेलं आहे. विचारा की तुम्ही कुठल्या गावाहून आलात, कोण घेऊन आलं, डेपोतला पहिला पगार किती होता आणि त्यातून पहिली वस्तू काय घेतली, आणि घरातल्या देव्हाऱ्यातले देव कुणी, कधी, कुठे नेऊन ठेवले.